चार नंबरचा खर्ज

माझं नाव कोकिळा, आणि माझा आवाज फुटक्या पत्र्यासारखा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला मनातल्या मनात हसायची तसदी नको. पंचविसाव्या वर्षापर्यंत अमळनेरला गाणं शिकले, बरी गात होते. मग गळ्यात गाठ निघाली आणि ती काढताना आवाजाची नस दुखावली. तेव्हापासून मी बोलायला लागले की समोरच्याला वाटतं, बाईला सर्दी झालीय. पण गळ्यातून गेलेला सूर कानातून जात नाही, त्यामुळे मी तंबोरा हातात घेतला. गेल्या वर्षापर्यंत बावीस वर्षं जळगावच्या ‘श्रुतिसुगंध’ मंडळाच्या मैफलीत गवयाच्या मागे बसून तंबोरा छेडणारी बाई ती मीच. वर्तमानपत्रातल्या फोटोत गवयाच्या उजव्या कानामागे साडीच्या पदराचा एक तुकडा दिसायचा, तो माझा.

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर भूपेंद्र नेहेते. दातांचे डॉक्टर. अर्ध्या गावाच्या दाढा त्यांनी उपटल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यासमोर तोंड उघडायला लोक अजून घाबरतात. मंडळाची मैफल दरवर्षी मे महिन्यात होते. मे महिन्यात का, तर डॉक्टरांची मुलगी अमेरिकेहून मे महिन्यात येते. आता जळगावचा मे म्हणजे काय ते जळगावकरांनाच ठाऊक. संध्याकाळी सहा वाजता नळाला हात लावला तर चहा टाकता येईल असं पाणी येतं. म्हणून सभागृहात चार कूलर. घरगुती नव्हेत, कपाटाएवढे लोखंडी. दोन मागे, दोन स्टेजच्या दोन्ही अंगांना. ते सुरू झाले की लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं.

या चार कूलरांवर आमच्या गावाने बावीस वर्षं शास्त्रीय संगीत ऐकलं. तंबोऱ्याला माईक कधीच नव्हता. डॉक्टर म्हणायचे, ‘मागे असतो ना तो, त्याला कशाला माईक?’ मी वाद घातला नाही. गवयाचा कान माझ्यापासून दोन हातांवर असायचा. त्याला ऐकू जात होतं, तेवढं मला पुरत होतं.

दोन वर्षांपूर्वी धुळ्याहून अभिमन सर आले. कॉमर्सचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी इंटरनेटवर पाश्चात्त्य संगीतातल्या पोताविषयी काही पाहिलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यात बसलं होतं. दर रविवारी एसटीने धुळ्याहून यायचे आणि ‘पोत-परिचय वर्ग’ घ्यायचे. गाणं म्हणजे कापड, त्याचे पदर ओळखता आले पाहिजेत, असा त्यांचा सिद्धांत. एकटा गळा म्हणजे एकपदरी पोत. खाली तंबोरा आला की आधारपदरी. गळ्यामागून पेटी चालली की सावलीपदरी. आणि दोघं गायले की जुगलपदरी. फळ्यावर चार चौकोन काढायचे आणि सगळ्यांना समजावं म्हणून वांग्याच्या भरताचं उदाहरण द्यायचे. वांगं म्हणजे गळा, मिरची म्हणजे तबला, कांद्याची पात म्हणजे पेटी. तेल कोण, असं मी विचारलं तर म्हणाले, तेल म्हणजे तंबोरा, दिसत नाही पण असतं. हे उदाहरण मला आवडलं, खोटं कशाला बोलू. सरांना सगळं समजत होतं. फक्त ऐकू येत नव्हतं.

आठ रविवार बसणाऱ्याला ‘जाणकार श्रोता’ असं प्रमाणपत्र आणि छातीला लावायचा पितळी बिल्ला मिळायचा. मैफलीत पहिल्या दोन रांगा जाणकारांसाठी राखीव. नऊ जणांनी तो मिळवला. बिल्ला मिळाल्यापासून ही मंडळी गाणं ऐकताना डोळे मिटायला लागली. मधेच एक बोट वर करून ‘सावलीपदरी’ म्हणायची, जणू पंगतीत वाढप्याला जिलबी दाखवतायत.

वर्गाला आठही रविवार हजर असलेला दहावा माणूस म्हणजे ईश्वर. त्याला बिल्ला मिळाला नाही, कारण तो उभा होता. ईश्वर सभागृहाचे दिवे, माईक आणि कूलर सांभाळतो. सातपुड्याच्या पायथ्याचा, यावलच्या पलीकडच्या पाड्यावरचा. वय चाळीस. जळालेल्या मोटारींची कॉईल भरायचं दुकान आहे त्याचं. आठव्या रविवारी त्याने सरांना विचारलं, ‘सर, मले बी परीक्षाले बसू द्या ना.’ सर म्हणाले, ‘तू मेन स्विचजवळ थांब.’ तो थांबला. कूलर सुरू असताना तो लांबूनच सांगतो, ‘चार नंबरनं बेरिंग सुकेल शे.’ उघडून बघावं तर खरंच सुकलेलं. आमचे हे जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर होते. कापूस चिमटीत धरून ओढायचे आणि डोळे मिटून धाग्याची लांबी सांगायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तशी बोटं मी नंतर कुणाची पाहिली नाहीत, पण ईश्वरचा कान त्याच जातीचा आहे.

तर मूळ गोष्ट अशी की गेल्या वर्षी एप्रिलमध्ये डॉक्टरांच्या मुलीने विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याची एक डबी पाठवली. बटण दाबलं की तंबोरा सुरू. डॉक्टरांनी बैठक बोलावली आणि ती डबी आरतीच्या तबकासारखी सगळ्यांसमोरून फिरवली.

‘कोकिळाताई,’ ते म्हणाले, ‘तुम्ही आता अठ्ठावन्नच्या. दोन-दोन तास मांडी घालून बसणं, या उन्हाळ्यात... आम्हाला वाईट वाटतं हो. आणि तुमचा तंबोरा मागच्या बॅनरच्या मधोमध येतो.’

बॅनरच्या मधोमध डॉक्टरांचा फोटो असतो. बावीस वर्षं माझ्या तंबोऱ्याची मान त्यांच्या नाकासमोर उभी होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मला ती जागा हवी होती. साधी गोष्ट आहे, लाजण्यासारखी नाही. वर्षातून एकदा दोन तास मी गाण्याच्या आत बसायचे. बाकीचं वर्ष शिकवण्या, भाजी, दवाखाना. ते दोन तास गेले असते तर माझ्याजवळ संगीतातलं काहीच राहिलं नसतं, फक्त नाव राहिलं असतं, आणि त्या नावाची काय शोभा आहे ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

पण रडून मागायचा माझा स्वभाव नाही. मी तावातावाने उठले आणि म्हटलं, ‘नऊ जाणकार आहेत ना तुमच्याकडे? ऐकवा त्यांना. डबी आणि मी. समोर नको, रेकॉर्डिंग ऐकवा. माणसाचा हात कुठला ते त्यांनी ओळखलं तर मी बसेन. नाही ओळखलं तर डबी बसवा, मी स्वतः तिला हार घालीन.’

सर खूश झाले. परीक्षा म्हटलं की प्राध्यापक खूश होतोच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पण त्या वेळी मला वाटलं होतं, आठ रविवार बसलेत, एवढं तर कळेल.

रेकॉर्डिंग एका दुपारी सभागृहात ठरलं. ईश्वरने कूलर बंद ठेवले, पंखे बंद ठेवले. आत इतका उकाडा की खुंट्यांना हात लावला तर तापलेल्या. आधी डबी वाजवून ‘अ’ पट्टी, म्हणजे पहिलं रेकॉर्डिंग, घेतली. मग ‘ब’साठी मी बसले. तार सारखी उतरायची, पुन्हा चढवायची. तारा टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात, त्याने जवारी उघडते, म्हणजे तार नुसती टणकन न वाजता मधमाशीसारखी घुमत राहते. माझे दोरे आमच्या ह्यांनी वळून दिलेले, लांब धाग्याच्या कापसाचे. एका जुन्या पत्र्याच्या डबीत सतरा उरले होते. त्या दिवशी त्यातले दोन नवे काढले.

तंबोरा वाजवायला अक्कल लागत नाही असं लोकांना वाटतं. चार तारा, एकामागून एक, बस. पण एक तार संपायच्या आत दुसरी अशी मिसळायची की शिवण दिसता कामा नये. आणि चारही नीट लागल्या की खर्जातून एक गंधार उमटतो. तो कुणीच वाजवत नाही. चार तारांत तो कुठेही लावलेला नसतो. आपोआप येतो, आणि नाही आला तर तुम्ही नुसतं सूत कातत बसलात असं समजायचं.

त्या दुपारी तो आला. ईश्वर कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याने मान वर केली.

‘अक्का,’ तो म्हणाला, ‘तारा तं चारच शेतस. हाऊ पाचवा कोन बोली राहिना?’

बावीस वर्षांत या पाचव्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. घाम आहे असं दाखवून मी ते पदराने पुसलं.

झाल्यावर मी घामाने निथळत होते म्हणून ईश्वरने स्टेजजवळचा चार नंबर कूलर सुरू केला आणि पाणी आणायला गेला. माईक तसाच सुरू राहिला. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

‘अक्का, घोटाळा शे. तिसरी पट्टी बनी गयी. चार नंबर कूलरनी. पुसी टाकू का?’

इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, ‘राहू दे. तिला ‘क’ म्हण. सर नेहमी चकवा घालतात ना, तसा आपणही घालू. कूलर कुणाला कळणार नाही का?’ मला वाटलं, जाणकार हसतील, वातावरण मोकळं होईल.

रविवारी नऊ जण बिल्ले लावून आले. सरांनी चिठ्ठ्या वाटल्या. तिन्ही पट्ट्या वाजल्या. ‘अ’ला दोघांनी माना डोलावल्या. ‘ब’ला, म्हणजे मला, कुणी मोबाईल काढला, कुणी घड्याळ पाहिलं. आणि ‘क’ सुरू झाली. घों, घों, घों. मधे सुकलेल्या बेरिंगची एक कुरकुर. पहिली रांग ताठ झाली. नऊच्या नऊ जणांनी डोळे मिटले. एका बाईंनी हात छातीवर ठेवला.

चिठ्ठ्या मोजल्या. नऊपैकी नऊ ‘क’.  सर उभे राहिले आणि विवेचन करू लागले.

‘‘अ’ हे यंत्र. गोड आहे, पण यंत्र. ‘ब’ हे त्याहून स्वस्तातलं यंत्र. तारा छेडल्याचा भास निर्माण केलाय, पण आत माणूस नाही, साधना नाही. आणि ‘क’! काय तो खर्ज! हा आधारपदर विणायला जन्म जावा लागतो. मधली ती किंचित कुरकुर ऐकलीत? तो मानवी हात. यंत्र कुरकुरत नाही.’

डॉक्टर माझ्याकडे दोन्ही हात पसरून आले. ‘कोकिळाताई, ओळखलं आम्ही तुम्हाला! जागा तुमचीच. डबी कपाटात!’

मी तोंड उघडलं. ईश्वर स्विचजवळून माझ्याकडे बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं, ‘तो कूलर आहे.’ बोलले असते तर नऊ जणांचं पितळ उघडं पडलं असतं आणि माझी जागा गेली असती. त्यांनी मला स्वस्तातलं यंत्र म्हटलं होतं, तो राग होताच. पण जागा हवी होती. मी तोंड मिटलं. ‘आभारी आहे,’ म्हटलं. कूलरच्या वतीने.

त्यानंतरचा महिना वाईट गेला. भाजी बाजारात एक जाणकार बाई भेटल्या, म्हणाल्या, ‘तुमचा खर्ज अजून कानात आहे हो.’ मी म्हटलं, ‘असणारच. तुमच्या घरीही आहे ना, खिडकीत?’ त्यांना काही कळलं नाही, आणि मला बोलून बरं वाटलं नाही. लबाडी करून मिळवलेली जागा ही. आमचे हे असते तर बोलले नसते, नुसतं चिमटीत धरून ओढल्यासारखं माझ्याकडे बघितलं असतं.

मैफल आली. गवई इंदूरचे रुपचंदबुवा. आमच्याकडे तिसऱ्यांदा येत होते. अबोल माणूस. स्टेजवर बसल्यावर त्यांनी चार कूलरांकडे पाहिलं आणि कानटोपीसारखा रुमाल बांधला. डॉक्टरांनी माझी ओळख करून दिली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. ‘ज्यांचा खर्ज आपल्या जाणकारांनी डोळे मिटून ओळखला, त्या कोकिळाताई!’ टाळ्या. मैफलीच्या शेवटी माझा सत्कार असल्याचंही जाहीर झालं. मी मान खाली घालून खुंट्या पिळत राहिले.

बुवांनी यमन धरला. पाऊण तास झाला असेल. चार नंबरची कुरकुर वाढत गेली, मग एक किंकाळी निघाली आणि जळक्या वार्निशचा वास आला. ईश्वर धावला आणि कूलरांचा मेन स्विच खाली ओढला. माईकची लाईन वेगळी होती. चारही कूलर एकदम थांबले.

सभागृहात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत माझा तंबोरा होता. पंचम, जोडी, खर्ज. शिवण कुठेही दिसत नव्हती, हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही, मी ऐकलं म्हणून सांगते. आणि तो आला. पाचवा. न लावलेला गंधार, बुवांच्या माईकवरून, भिंतीपर्यंत जाऊन परत आला.

बुवा निषादावरून वर जात होते, ते थांबले. त्यांनी डोळे मिटले आणि गंधार लावला. माझ्या गंधारात त्यांचा गंधार बसला आणि दोघांतला कुठला कोण हे मलाही कळेना. पेटीवाल्याने हात उचलून घेतले, शहाणा माणूस. तबलजी थांबला. मागच्या रांगेत एक बाळ रडत होतं ते गप्प झालं. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला वेळ होता.

पहिल्या रांगेत मात्र खळबळ उडाली होती. जाणकार एकमेकांकडे बघत होते. अभिमन सरांची कुजबुज स्पष्ट ऐकू आली, आता कूलर नव्हतेच.

‘आधारपदर तुटला! तंबोरा बंद पडला!’

डॉक्टर उठले. वाकून, पोट सांभाळत स्टेजच्या कडेशी आले आणि मला हाताने खुणा करू लागले, वाजवा, वाजवा. माझी बोटं त्यांच्या डोळ्यांसमोर तारांवरून फिरत होती. ते बोटांकडे बघत होते आणि म्हणत होते, ‘कोकिळाताई, झोप लागली का? वाजवा ना!’

ईश्वरने चार नंबरची वायर काढली आणि बाकीचे तीन सुरू केले. घों, घों, घों. गंधार बुडाला. डॉक्टर मागे सरून खुर्चीत बसले, रुमालाने कपाळ पुसलं. ‘हां! लागला!’ सर म्हणाले. पहिल्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. बुवांनी डोळे उघडले, टाळ्या कशासाठी ते त्यांना समजेना.

तंबोरा खाली ठेवून निघून जावं असं वाटलं होतं. पण गवयाला मधे सोडून उठत नाहीत. मी शेवटपर्यंत वाजवला.

मग सत्कार. डॉक्टरांनी मला शाल पांघरवली, नारळ दिला आणि माईक माझ्या तोंडाशी धरला. ‘दोन शब्द बोला.’ माझ्यासारख्या आवाजाच्या बाईपुढे माईक धरायचा म्हणजे धाडसच. मी समोर पाहिलं. बावीस वर्षांनी लोक माझ्याकडे बघत होते.

‘मंडळी,’ मी म्हटलं, ‘हा सत्कार माझा नाही. परीक्षेत जाणकारांनी निवडलेली ‘क’ पट्टी माझी नव्हती. माझी ‘ब’. स्वस्तातलं यंत्र, ती मी. ‘क’ यांची आहे.’

मी शाल काढली. स्टेजच्या कडेला चार नंबर कूलर उभा होता, अजून गरम. त्याच्या डोक्यावर शाल घातली, वर नारळ ठेवला.

‘चार नंबर आत्ताच गेले,’ मी म्हटलं. ‘त्यामुळे हा सत्कार मरणोत्तर समजावा.’

मागच्या रांगा हसल्या. पुढच्या दोन हसल्या नाहीत. सर काहीतरी खुलासा करू लागले, की ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने कूलर हाही एक प्रकारचा आधारपदरच आहे. डॉक्टर म्हणाले, ‘उन्हाचा त्रास झालेला दिसतोय ताईंना.’ आणि आभारप्रदर्शन उरकलं. मी तंबोऱ्याला गवसणी घालत होते तेव्हा बुवा जवळ आले.

‘बाई, मघाचा तो गंधार...’

‘कुणाचाच नाही, बुवा. आपोआप येतो.’

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘इथे तिसऱ्यांदा गायलो. आज पहिल्यांदा ऐकला.’ त्यांनी तंबोऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि गाडीकडे गेले.

त्या आठवड्यात मंडळाचा ठराव झाला, यापुढे डबी. मला कुणी कळवलंसुद्धा नाही, ईश्वरने सांगितलं. ठरल्याप्रमाणे मी हार घालायला जायला हवं होतं. गेले नाही. तेवढा मोठेपणा माझ्याकडे नाही.

यंदा सभागृहात एसी बसला. कूलर भंगारात निघाले. चार नंबर ईश्वरने उचलला, नवी कॉईल भरली. मार्चमध्ये डबीची तालीम झाली आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या आवाजात दाढ काढण्याआधीचा गोडवा होता.

‘कोकिळाताई, झालं गेलं सोडा. जाणकारांची तक्रार आहे. खर्जात भरणा नाही म्हणतात. पूर्वीचं ते भारदस्त काही येत नाही.’

क्षणभर, खरं सांगते, मला वाटलं, मला बोलावतायत. हातातला चमचा मी ओट्यावर ठेवला.

‘म्हणजे,’ ते म्हणाले, ‘त्या ईश्वरकडे तो जुना कूलर आहे असं कळलं. तुमचं तो ऐकतो. तेवढा एक दिवस पाठवायला सांगाल का? पडद्यामागे ठेवू, दिसणार नाही.’

मी चमचा पुन्हा उचलला. मग म्हटलं, ‘सांगते. बेरिंगला तेल घालू देऊ नका मात्र.’

‘नाही, नाही,’ ते म्हणाले, ‘ती कुरकुर हवीच.’

मैफलीला मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ईश्वर घरी आला, पायरीवर बसला, पाणी प्यायला.

‘कसं झालं?’ मी विचारलं.

‘बठ्ठा माना हालवी राहिंतात, अक्का. सर तं रडनात.’

‘आणि डबी?’

‘डबी?’ तो तोंडावर हात ठेवून हसायला लागला. ‘डाक्टरसाहेब चालू कराले इसरी गयात. गवई सोताना मोबाईलवर तंबोरा लाईसन, तो कानजोडे ठीसन गाई राहिंता. बाकी बठ्ठाले चार नंबरच पुरना.’

मी हसले. पोट धरून हसले. मग हसणं कुठे थांबलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते कळलं नाही. कूलरला माझी जागा मिळाली होती आणि कुणाला काही कमी पडलं नव्हतं. बावीस वर्षं मी तिथे बसले ते कुणासाठी, असं वाटलं.  माझं आटोपेपर्यंत ईश्वर कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बघत बसला.

‘वाजाडा ना, अक्का,’ तो म्हणाला. ‘तो पाचवा ऐकना शे.’

मी गवसणी काढली. पत्र्याच्या डबीतून एक नवा दोरा घेतला, घोडीवर सरकवला. बाहेर पंचेचाळीस अंश होतं, वर पंखा गरगरत होता. मी वर पाहिलं आणि काही बोलायच्या आत ईश्वरने उठून पंखा बंद केला.